पाटा, पाटी आणि अचला पृथ्वी

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांची कन्या सातवीत आहे. शाळेत ती खडकांचे तीन प्रकार हिंदीतून शिकते: आग्नेय, अवसादी आणि कायांतरित. घरी आईने त्यांचीच मराठी नावे करून घेतली: अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित. पृथ्वीच्या पोटातील थरही मुलीला क्रमवार पाठ आहेत. “परंतु आपल्या दारातील पायरीचा दगड यांपैकी कोणता, असे मी सहज विचारले तेव्हा तिने पुस्तक उघडले, आणि पुस्तकात आमची पायरी नव्हती,” असे त्या लिहितात. या विषयावर घरात बसून मुलांशी बोलता येईल असे काही या सदरातून द्यावे, अशी त्यांची सूचना आहे.

सूचना आम्हांस मनापासून पटली. पुस्तकांतील ज्वालामुखी हवाई बेटांत असतात आणि भूकंप जपानात. त्यामुळे हा विषय परदेशातला आहे अशीच मुलांची समजूत होते. ती दूर करावयास स्वयंपाकघराइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

पाटा-वरवंटा घ्या. विजेवर चालणारी यंत्रे आल्यापासून बिचारा पाटा न्हाणीघराच्या भिंतीशी टेकून उभा असतो, आणि वरवंट्याची आठवण बारशाच्या दिवशी पाळण्याखालून फिरवण्यापुरतीच होते. तथापि माळव्यातील वा महाराष्ट्रातील कुणाचा जुना पाटा असेल, तर तो बहुधा काळवत्री दगडाचा, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला बेसॉल्ट म्हणतात त्याचा असतो. हा दगड एके काळी वितळलेल्या रसाच्या रूपाने जमिनीवर पसरला आणि हवेत लवकर निवला. मुलांना खडीसाखरेचे उदाहरण द्यावे. साखरेचा पाक सावकाश निवू दिला की मोठमोठे खडे धरतात. घोटून घाईने निववला की बारीक रवा होतो. बेसॉल्टचा कण बारीक, कारण त्याला मोठे होण्यास सवडच मिळाली नाही. म्हणूनच त्याला टाकी लावली की बारीक, एकसारखी खरबरीत पाठ मिळते आणि चटणी नीट वाटली जाते.

हैदराबादच्या वाचकांच्या भोवतीचा दगड असाच अग्नीतून जन्मलेला, पण त्याचा स्वभाव निराळा. गोवळकोंड्याचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तो ग्रॅनाइट जमिनीच्या खोल पोटात, अतिशय सावकाश निवला. त्यात पांढरे, गुलाबी, काळे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. ही आपली खडीसाखर. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे आहे. वरचे आवरण झिजून गेले तेव्हा तो उघडा पडला, आणि ऊनपावसाने कोपरे झडून ते एकावर एक तोललेले गोल धोंडे तयार झाले, जे पाहून नवागताला हे कोणी रचून ठेवले असा प्रश्न पडतो.

ग्वाल्हेरकरांचा दगड या दोघांहून वेगळा. तेथील किल्ल्याची टेकडी वालुकाश्माची, म्हणजे वाळू थरावर थर साचून, दबून, घट्ट होऊन बनलेल्या दगडाची. ही वाळू साचली त्या काळी पृथ्वीवर झाड नव्हते की मासा नव्हता. तो दगड छिन्नीला वश होतो, म्हणून ग्वाल्हेरच्या जाळ्या इतक्या नाजूक झाल्या आणि किल्ल्याच्या कड्यात भव्य जैन मूर्ती कोरता आल्या. कापलेल्या चिऱ्यावर बारीक समांतर रेघा दिसल्या तर मुलांना दाखवाव्या; प्रत्येक रेघ म्हणजे साचलेल्या गाळाचा एकेक थर. स्तरित दगडाचा आणखी एक नमुना आपण चक्क खातो. उपासाच्या फराळात पडणारे सैंधव हे आटलेल्या समुद्राचे मीठ असून पंजाबातील खेवड्याच्या खाणीतील सैंधव पन्नास कोटी वर्षांहून जुने आहे. त्याच्या पुडीवर ‘अमुक तारखेपर्यंत वापरावे’ असे छापलेले असते, याची आम्हांस मौज वाटते.

तिसऱ्या प्रकारासाठी शाळेची जुनी दगडी पाटी पुरे. चिखलाचा दगड प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत सापडला, पण वितळला नाही, तर त्याचे रूप पालटते. कच्च्या विटेची भट्टीत पक्की वीट व्हावी तसे. त्यातून पातळ पापुद्र्यांनी सुटणारा पाटीचा दगड होतो. चुनखडीचा असाच संगमरवर होतो. जबलपूरजवळ भेडाघाटास नर्मदा ज्या शुभ्र कड्यांमधून वाहते ते याच जातीचे. संगमरवरी ओट्यावर लिंबू सांडले की डाग का पडतो, हेही येथेच कळते: दगडातील चुना आंबटाने विरघळतो. काळ्या पाट्यावर लिंबू पिळा, त्याला काही होत नाही.

इतर गावांचा हिशेब थोडक्यात उरकतो. गोव्यात घरे बांधतात तो लाल जांभा उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडक कुजून, त्यातील लोह मागे उरून बनलेला आहे. बेळगावच्या बाजूस काळवत्रीचा विस्तार दक्षिणेकडे संपत येतो, आणि गोकाकचा धबधबा कोसळतो तो कडा वालुकाश्माचा. बडोदे नद्यांच्या गाळावर वसले आहे. खडक पाहावयाचा तर पावागड गाठावा, तो ज्वालामुखीच्या रसाचाच डोंगर. खंबायतच्या बाजारात विकला जाणारा अकीकही मुळात याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत धरलेला खडा आहे.

आता थोडे खाली उतरू. पृथ्वीच्या केंद्राचे अंतर सुमारे ६३७१ किलोमीटर. आपण राहतो ते भूकवच जमिनीखाली सरासरी ३५ ते ४० किलोमीटर आणि समुद्रतळाखाली अवघे सहा-सात किलोमीटर जाड. पृथ्वी आंब्याएवढी मानली तर हे कवच त्याच्या सालीहूनही पातळ. त्याखाली २९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण, त्याच्या आत द्रवरूप बाह्य गाभा, आणि मध्यभागी लोखंड व निकेलचा घन अंतर्गाभा. आकडे मुलांना पाठ असतातच. एक गैरसमज मात्र जवळजवळ प्रत्येक मुलाच्या, आणि पालकांच्याही, मनात असतो: कवचाखाली सगळीकडे लाव्हा खदखदत आहे. तसे नाही. प्रावरण घन खडकाचे आहे. थंडीतील डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर तो फुटतो, पण तसाच ठेवून दिला तर महिन्यामहिन्यांनी बसतो, पसरतो. प्रावरणाचे वागणे काहीसे असेच. लक्षावधी वर्षांच्या मापाने ते वाहते. ते वितळत का नाही, याचे उत्तर स्वयंपाकघरातच आहे. कुकरातील दाबामुळे पाणी नेहमीच्या बिंदूस उकळत नाही. तसा वरच्या खडकाचा दाब खालच्या तप्त खडकाला वितळू देत नाही. तो खडक वर सरकला, दाब उतरला, की मग वितळतो.

इतक्या खोलवरचे हे सारे कळले कसे? कोणी तेथे गेलेले नाही. रशियातील कोला येथे १९७० साली सुरू केलेले छिद्र १९८९ पर्यंत १२,२६२ मीटरांवर पोहोचले आणि उष्णतेपुढे थांबले. म्हणजे आंब्याची सालही पुरती भेदली गेली नाही. माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो आणि आवाजावरून तडा ओळखतो. पृथ्वीला अशी टिचकी भूकंप मारतो. १८९७ च्या आसामच्या भीषण भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. दूरदूरच्या देशांतील यंत्रांनी टिपलेल्या नोंदींत त्यांना लहरींचे वेगवेगळे प्रकार ओळखता आले, आणि पुढे १९०६ साली अशा लहरींच्या आधारे पृथ्वीला वेगळा गाभा आहे असे त्यांनी मांडले. त्या गाभ्याच्या आतही एक गाभा आहे, हे १९३६ साली इंगे लेमान या डॅनिश विदुषींनी दाखवून दिले. ज्या आपत्तीत माणसे दगावतात तिच्याच नोंदींतून पृथ्वीचे अंतरंग कळावे, हा योग विलक्षण खरा.

आपल्या कोशांत पृथ्वीला अचला आणि स्थिरा अशी दोन्ही नावे आहेत. लग्नात वधूला दगडावर उभी करतात तेव्हा त्या दगडासारखी स्थिर राहा असाच आशीर्वाद असतो. आशीर्वाद म्हणून तो योग्यच आहे. पण दगड स्थिर नाही.

१९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञांनी खंडे सरकतात असे मांडले, आणि जाणत्यांनी त्यांची बरीच थट्टा केली, कारण खंडांना ढकलते कोण हे त्यांना सांगता येईना. १९३० साली ग्रीनलंडच्या हिमात त्यांचा अंत झाला. समुद्रतळाचा शोध लागून त्यांचे म्हणणे मुळात खरे ठरण्यास १९६० चे दशक उजाडले. भूकवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कठीण भाग मिळून पृथ्वीची वरची जाड त्वचा बनते. ती अखंड नसून तिचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत हे एके काळी एकत्र होते. त्या महाखंडास जगभरच्या ग्रंथांत जे नाव आहे ते आपल्या मध्य भारतातील गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडले: गोंडवन. नर्मदेच्या दक्षिणेकडील खडकांना ते नाव प्रथम मिळाले आणि तेथून ते साऱ्या जगात गेले. इंदूरच्या मुलीला भूगोल परका वाटू नये यासाठी एवढी एक गोष्टही पुष्कळ आहे.

भारत या महाखंडातून सुटला, मादागास्करपासूनही सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी विलग झाला आणि उत्तरेकडे निघाला. हिंदी महासागरात आज जेथे रियुनियन बेट आहे, तेथे खालून येणाऱ्या उष्णतेचे एक ठाणे आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपला भूपट्ट त्याच्यावरून जात होता. तप्त खडक वर चढला, दाब उतरला, आणि जमिनीला लांबच लांब भेगा पडून रस बाहेर आला. एका डोंगराचे तोंड फुटून नव्हे, तर भेगांतून, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आज झीज होऊन उरलेले क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या वर जाते. कळसूबाईचे शिखर, अजिंठा-वेरूळचे कडे, मांडूचा डोंगर, माळव्याची काळी कसदार जमीन, आणि तो न्हाणीघरातला पाटा, ही सर्व त्याच रसाची रूपे. घाटातून जाताना डोंगरांच्या पायऱ्या मुलांना अवश्य दाखवाव्या. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून सपाटी होते. या दगडाला इंग्रज भूवैज्ञानिकांनी दिलेले ‘ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे.

पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा भूपट्ट आशियाच्या भूपट्टास भिडला. मधल्या समुद्रातील गाळाला वळ्या पडल्या आणि हिमालय उठला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड समुद्रात साचलेली चुनखडी आहे, हे सांगितले की मुले क्षणभर गप्प होतात. ही धडक संपलेली नाही. आपला भूपट्ट आजही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. बोटांची नखे वाढतात त्याहून किंचित अधिक. हैदराबाद आणि बंगळूर येथील उपग्रहांच्या साह्याने चालणाऱ्या मापन केंद्रांत हे सरकणे मोजता येते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात आपण घरी बसून साडेतीन मीटर प्रवास करतो. इंदूर, बेळगाव, बडोदे, पुणे सर्व एकाच भूपट्टावर असल्यामुळे कोणी कोणापासून दुरावत नाही. प्रांतरचनेचे वाद भूपट्टाच्या गावीही नाहीत.

येथवरचा मजकूर कुतूहलाचा झाला. पुढचा भाग आमच्या मते अधिक निकडीचा आहे.

भूपट्टांच्या कडांवर भूकंप होतात, मध्यभाग सुरक्षित असतो, असे पूर्वी शिकवीत, आणि दख्खनचे पठार तर अचलतेचे उदाहरण म्हणून दाखवीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस ६.३ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा त्या समजुतीस पहिला तडा गेला. परंतु त्याचा संबंध नव्या जलाशयाशी जोडला गेला, तो योग्यही होता, आणि बाकीचे पठार निर्धास्त राहिले. मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोहोचवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे असताना लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगावली. इतर नोंदींत आकडा याहून मोठा आहे. त्या काळच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकण्यात आला आणि लातूरच्या बाजूस वरचा दर्जा दिला गेला. मधल्या काळात २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरले होते, आणि २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत उंच इमारती पडल्या होत्या.

मध्यभागी असे का व्हावे? लाकडी फळी दोन्ही टोकांनी दाबून धरा. दाब टोकांना असला तरी फळी तडकते ती जेथे गाठ वा जुनी चीर असेल तेथे. आपला भूपट्ट मागून समुद्रतळाच्या बाजूने रेटला जातो आणि पुढे हिमालयाशी अडतो. तो ताण पठाराच्या जुन्या चिरांत साठत राहतो. नर्मदेचे खोरे अशीच एक फार जुनी दुर्बल रेषा आहे. किल्लारीस भूकंपानंतर भोक पाडून पाहिले, तेव्हा सुमारे ३४० मीटर काळा दगड, मग गाळाचा एक पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. हादरा त्या खालच्या खडकातला होता. वरची काळ्या दगडाची चादर इतकी एकसंध दिसते की खालची चीर कोणास दिसावी?

तरीही माणसे मेली ती खडकामुळे नव्हे. ६.२ तीव्रतेचे धक्के जपानात अनेकदा बसतात आणि तेथे बहुधा थोडीच हानी होते. मराठवाड्यातील घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड होत्या, पण गोट्यांसारखे धोंडे मातीत बसवून उभारलेल्या. आतली बाजू आणि बाहेरची बाजू अशा जणू दोन वेगळ्या भिंती, मध्ये दगडमातीची भर, आणि दोहोंस बांधणारे काही नाही. वर माळवद. ते गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर माती टाकण्याची रीत. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या डोक्यावरचे ओझे वाढतच गेलेले. धक्क्यासरशी भिंतीची दोन्ही अंगे सुटी होऊन ढासळली आणि माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. गवती छपराच्या हलक्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी उभ्या राहिल्या. ज्याला माळवदाचे घर बांधणे परवडले नव्हते तो वाचला, असे त्या दिवशी कित्येक गावांत घडले.

हे आम्ही आमच्या वाचकांस मुद्दाम सांगतो. लातूर, उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा हा सारा पूर्वीचा निजामाचा मुलूख. हैदराबादेत स्थायिक झालेल्या कित्येक घराण्यांचे मूळ वाडे त्या बाजूस आहेत. माळव्यातील आणि बेळगावकडील वाचकांचीही गावाकडची घरे दगडमातीची असतात. सुटीत मुले तेथे जातात, आजीजवळ झोपतात. त्या घराची डागडुजी काढाल तेव्हा गवंड्यास चार गोष्टी विचारा. माळवदावरची जादा माती उतरवता येईल काय, आणि गळती थांबवण्यास तिच्याऐवजी हलके काही घालता येईल काय? भिंत नवी बांधावयाची तर दर दोन हातांवर आरपार जाणारा लांब दगड घालणार काय? जुन्याच भिंतीत आरपार भोक पाडून, त्यात लोखंडी सळई ठेवून काँक्रिट भरता येते. दोन्ही अंगे त्याने जखडली जातात. आणि दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर साऱ्या घराभोवती काँक्रिटचा अखंड पट्टा फिरवता येतो, पिंपाला कडे घालावे तसा. कोपऱ्यांत तो पट्टा तुटता कामा नये. तुटलेले कडे पिंप धरीत नाही. किल्लारीनंतर मराठवाड्यातील गावोगावच्या गवंड्यांना हे शिकवले गेले आहे, तेव्हा असा माणूस शोधल्यास सापडतो. माती उतरवण्याचे काम मात्र पावसाळ्यापूर्वी, आणि सर्व माळवदाची एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सारखी उतरवीत करावे; एकाच कोपऱ्यात ढीग साठू देऊ नये, नाहीतर जुन्या तुळया तेथेच खचतात.